ओहायोवाल्यांचा हक्क बरोबरच आहे

संपादक महोदय,

विमानाचा जन्म आमच्याकडचा, असं अमेरिकेतलं ओहायो राज्य म्हणतं, आणि मला ते पटतं. राईट बंधू म्हटलं की सगळे पहिलं उड्डाण झालं त्या किटी हॉकचंच नाव घेतात, पण ते गाव नॉर्थ कॅरोलायना राज्यात, तिथे हे दोघं फक्त वारा आणि वाळू बघून गेले होते. विमान तयार झालं ते ओहायोत, डेटनला, त्यांच्या सायकलच्या दुकानात! इंजिनही दुकानातल्याच मेकॅनिकने, चार्ली टेलरने, बनवलं. आता दोन्ही राज्यं गाड्यांच्या नंबरप्लेटवर विमानावरचा आपापला हक्क छापतात, भांडण अगदी शेजाऱ्यांसारखं. माझं विचाराल तर मी ओहायोच्या बाजूने.

एडिसनचा जन्मही तिथलाच, मिलान गावचा, १८४७ चा, पण तो लहानपणीच मिशिगनला गेला, सो त्याचं फार कौतुक ओहायोने करू नये. नील आर्मस्ट्राँग मात्र पक्का ओहायोचा, वापाकोनेटा गावचा, कार चालवायच्या लायसन्सआधी विमानाचं मिळवलं पठ्ठ्याने. आणि १९६९ ला चंद्रावर जाताना त्याने सोबत काय नेलं, तर राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या पंखाचं थोडं कापड आणि प्रोपेलरच्या लाकडाचा एक तुकडा. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, आणि ६६ वर्षांत तेच कापड थेट चंद्रावर, वाचून अंगावर काटाच आला राव.

– एक वाचक, पुणे