ढाळजेतल्या उजेडाबद्दल, बाईंना

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण अलीकडं फोटो शिकायला म्हणून जी पोरं-पोरी माझ्याकडं येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, तुमचा स्टुडिओ कुठंय?" स्टुडिओ नाही म्हटलं तर त्यांना वाटतं, ताई सांगंना. म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानते. त्यांचं उत्तर तुमच्या ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दाराशी आतल्या अंगाला असलेल्या बैठकीच्या जागेत आहे.

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. दिवसभर माणसांचे चेहरे माझ्यासमोरून जातात, पण बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात. आधार, निराधारचा अर्ज, श्रावणबाळ, पीक विमा. मागं पांढरा पडदा, समोर घाबरलेले डोळे. मग कधीतरी कुणाचा तरी मुलगा तोच कागद घेऊन येतो, "ताई, आबा गेले. हा फोटो मोठा करून मिळंल का? बॅनरला पाहिजे." जन्मभर रानात राबलेल्या माणसाचा घरात तेवढाच एक फोटो असतो. तो मोठा केला की चेहऱ्याचे नुसते ठिपके होतात, आणि त्या ठिपक्यांनाच हार घालावा लागतो. मला चेहरे काढायला शिकायचं होतं ते यासाठी. हे तुमच्याशिवाय मी कुणाला सांगितलं नव्हतं.

जुना कॅमेरा संभाजीनगरहून घेतला होता, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलीमीटरची झूम लेन्स होती (१८ वर चौकटीत जास्त मावतं, ५५ वर लांबचं जवळ दिसतं). दिवे, सॉफ्टबॉक्स (दिव्यावर बसवायची पांढऱ्या कापडाची पेटी), पडद्याचा स्टँड, तालुक्याला भाड्याची खोली, असा सगळा हिशोब वहीत मांडून मी तुमच्याकडं आले. तुम्ही वही वाचली, मिटली आणि म्हणालात, "उद्या सकाळी आठला ये. कॅमेरा आणू नको."

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवताना तुम्ही आम्हाला मडकं आणि वांगी काढायला लावायचात. पेन्सिल टेकवायच्या आधी उजेड कुठून येतोय ते पानाच्या कोपऱ्यात बाणानं दाखवायला लावायचात. त्या सकाळी मडक्याच्या जागी तुम्ही स्वतः बसलात. दारापासून थोडं आत, बाजेच्या कडेला. आणि काही न बोलता मान हळूहळू फिरवत राहिलात. दाराकडं सरळ तोंड होतं तोवर चेहरा सपाट होता, अर्जावरच्या फोटोसारखा. मान वळत गेली तशी नाकाची सावली पलीकडच्या गालावर सरकली आणि त्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक त्रिकोण उरला. "हितं थांबायचं," तुम्ही म्हणालात. "नाकाची सावली ओठावर येऊ द्यायची नाही. आणि दोन्ही डोळ्यांत दार दिसलं पाहिजे." मी वाकून पाहिलं. दोन्ही बुबुळांत खरंच ढाळजेचं दार होतं, उभं आणि उजळ. छायाचित्रकार या त्रिकोणाला सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं नाव देतात, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. डोळ्यांत दार नसलं तर माणूस विझल्यासारखा दिसतो, हे मात्र त्याच दिवशी कळलं.

तुमच्या वाड्याचं तोंड उत्तरेला आहे हे आपलं भाग्यच. विजेचे दिवे येण्याआधी युरोपातले चित्रकार आणि छायाचित्रकार मुद्दाम उत्तरेच्या खिडकीची खोली शोधायचे, कारण तिथं ऊन थेट येत नाही आणि उजेड तासन् तास जवळपास एकसारखा राहतो. आपल्याकडं त्यात एक अडचण आहे आणि ती तुम्हाला वर्षानुवर्षं दारात बसून माहीत होती. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो आणि ढाळजेत उन्हाची तिरीप घुसते. त्या दिवसांत तुम्ही काकांचं जुनं पांढरं धोतर चौकटीला बांधून दिलंत. ऊन धोतरावर पडलं आणि अख्खं दारच दिवा झालं. माझ्या वहीतला सॉफ्टबॉक्स याहून वेगळं काही करत नाही. मोठ्या पांढऱ्या कापडातून उजेड पसरून येतो, त्यामुळं सावलीची कड मऊ होते, एवढंच त्याचं काम.

ज्यांच्याकडं वाडा नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. पत्र्याच्या घराचं दार चालतं, शाळेचा व्हरांडा चालतो, मोठ्या भिंतीची सावली चालते. सूर्य डोक्यावर असताना उघड्यावर कुणाला उभं करू नये, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. लिंबाखाली बसवायचं तर कडेला बसवावं. आत पानांतून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात आणि कातडीवर हिरवी झाक येते. आपल्याकडच्या घरांतल्या निळ्या-हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीही तशाच, त्यांचा रंग थेट गालावर चढतो. आणि दाराचा उजेड वापरताना आतली ट्यूब बंद करावी. दोन जातींचे उजेड एका चेहऱ्यावर आले की एक बाजू निळी आणि दुसरी पिवळट दिसते.

दारापासून किती आत बसवायचं, यावर तुम्ही माझ्याकडून फार मेहनत करून घेतलीत. दाराशी बसलं की उजेड भरपूर, पण मागची भिंत जवळ असली तर तीही दिसते, तिच्यावरचं कॅलेंडर आणि खुंटीवरची पिशवीसुद्धा. माणूस दाराजवळ आणि भिंत लांब असली की चेहरा उजळतो आणि मागचं सगळं आपोआप अंधारात जातं. लहान दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड एकचतुर्थांश होतो. दार मोठं असल्यानं त्याला इतका कडक हिशोब लागू होत नाही, पण आत जावं तसा उजेड उतरत जातो हे खरंच. त्यामुळं काळा पडदा विकत घ्यायची गरज मला आजतागायत पडलेली नाही.

कॅमेऱ्याचं तुम्हाला काही माहीत नव्हतं, तरी त्याची खोड तुम्हीच पकडलीत. काळोख्या ढाळजेत फोटो काढला की चेहरा पांढराफटक यायचा. तुम्ही विचारलंत, "हा बघतो कशाकडं? माणसाकडं की भिंतीकडं?" प्रश्न अचूक होता. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी मधल्या करड्या रंगावर आणू पाहतो. मागं अंधार असला तर तो सगळंच उजळवतो. उलट पांढरा फेटा, पांढरा सदरा आणि मागं चुन्याची भिंत असली तर सगळंच काळवंडवतो. म्हणून ढाळजेत मी उजेडाची भरपाई (फोटो मुद्दाम उजळ किंवा काळा करायची कॅमेऱ्यातली सोय) वजा एकवर ठेवते आणि चुन्याच्या भिंतीपाशी अधिक एकवर नेते, मग चेहरा बघून थोडं इकडंतिकडं करते. लेन्स ५५ वर, एफ ५.६ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), शटर सेकंदाच्या १/१२५ पेक्षा हळू नाही, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ८०० किंवा १६००. थोडे दाणे आले तर येऊ देते. हललेला डोळा मात्र पुढं कशानंच सुधारत नाही.

अंतराचंही तसंच. १८ वर ठेवून जवळ गेलं तर नाक पुढं येतं आणि कान मागं पळतात. त्यात दोष लेन्सचा नसून जवळ जाण्याचा असतो. सहा-सात फुटांवरून ५५ वर काढलेला चेहरा ओळखीचा वाटतो, कारण साधारण तेवढ्यावरूनच आपण एकमेकांना बघत असतो. पुढं मी जुनी ५० मिलीमीटरची, एफ १.८ पर्यंत उघडणारी लेन्स घेतली, तीही याच अंतरासाठी. स्टुडिओच्या सामानाआधी पैसे घालायचे तर त्या एका लेन्समध्ये घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावलीची बाजू फार काळी पडली तर काय करायचं, हे विचारल्यावर तुम्ही मला अजिंठ्याची आठवण करून दिलीत. लेण्यांमध्ये आत अंधार असतो, म्हणून वाटाडे बाहेर आरसा किंवा पांढरं कापड धरून सूर्याचा उजेड आत टाकत आणि भिंतीवरची चित्रं लोकांना दाखवत. सहलीत तुम्ही आम्हाला हे सांगितलं होतं, वेरूळलाही सांगितलं होतं. आता ढाळजेत थर्माकोलचा एक पांढरा तुकडा कायम उभा असतो. तो पलीकडच्या गालाजवळ नेला की सावली उघडते, लांब नेला की पुन्हा दाटते. आणि चेहऱ्याला आणखी कडा हव्या असतील तर त्याच जागी तुम्ही काळी घोंगडी धरलीत. उजेड खाणारी वस्तूही कामाची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. माली देशात बामाकोमध्ये सेदू केटा नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी १९४८ मध्ये काम सुरू केलं, घराच्या अंगणात, बहुतेक दिवसाच्या उजेडात. मागं पडदा म्हणून त्यांनी स्वतःच्या पलंगावरची चादर लावली. आज त्यांची छायाचित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ते वाचलं तेव्हा मला तुम्ही खिळ्यांना अडकवलेली सोलापुरी चादर आठवली, आणि "नक्षी फार बोलायली, उलटी लाव" हे तुमचं वाक्यही.

पण बाई, उजेड मी आणखी कुठूनतरी शिकले असते. माणसं माझ्यासमोर बसली ती तुमच्यामुळं. म्हातारपणी फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं आपल्याकडं अजून मानतात. तुम्ही वाद घातला नाहीत. पहिला फोटो स्वतःचा काढून घेतलात, तालुक्याच्या लॅबमधून मोठा करून आणवलात आणि ढाळजेत दारासमोर लावलात, हार न घालता. मग बायका येऊ लागल्या. "मला कशाला काढायलीस, माझं काय राहिलंय आता बघण्यासारखं?" असं म्हणत त्या पदर सावरून बसायच्या, कारण शेजारी तुम्ही असायचात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात छायाचित्रकार राजा दीनदयाळांनी हैदराबादला १८९२ मध्ये खास बायकांसाठी स्टुडिओ काढला होता आणि तो चालवायला बाईमाणूसच ठेवली होती. गरज तेव्हाही तीच होती. बाईच्या जातीला निवांत बसता येईल अशी जागा आपल्या गावात तुम्ही दिलीत, आणि तिचं भाडं कधी घेतलं नाहीत.

तुम्ही सांगितलेलं अजून पाळते. समोरच्याच्या हाताला काहीतरी द्यायचं. सुपात ज्वारी, अडकित्ता, नातवाचं टोपडं. हात गुंतले की खांदे उतरतात आणि मग चेहरा सुटतो. वेशीजवळचे आजोबा आले तेव्हा काठी घट्ट धरून, फोटोला बसायचं म्हणून श्वास रोखून बसले होते. तुम्ही त्यांना बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलंत. खडी फोडायला कुठं जायचात, सुकडी मिळायची का. ते बोलत सुटले, हातवारे करू लागले, आणि मध्येच, घरातल्यांची नावं घेताना, थांबले. तुम्ही माझ्याकडं नुसतं पाहिलंत. तो फोटो आता त्यांच्या टीव्हीच्या वर आहे आणि आल्यागेल्याला ते स्वतःच दाखवतात.

आणखी एका बाबतीत तुम्ही कधी मागं सरला नाहीत. "जरा गोरं करून दे" म्हणणाऱ्यांना तुम्ही बसवून समजावलंत. सावळ्या गालावर दाराचा उजेड चकाकतो, हाडाचा उंचवटा उठून दिसतो. ते पुसून पांढरं केलं तर हाती राहतं काय? कितीतरी मोबाइलमध्ये रंग उजळवायचं बटण आपोआप चालू असतं आणि पोरींना स्वतःचा खरा रंग फोटोत दिसतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्यांदा ते बटण बंद करायला सांगते. मोबाइलवरच शिकत असतील तरी चालतं. दार, थर्माकोल आणि अंतर त्यालाही तेवढंच लागू आहे.

प्रत्येकाला छापील फोटो द्यायचाच, मोबाइलवर पाठवून मोकळं व्हायचं नाही, हा तुमचाच नियम. सुरुवातीच्या प्रिंटांचे पैसे तुम्ही पेन्शनमधून दिलेत. ते मी विसरलेले नाही आणि तुम्ही परत घेणार नाही हेही मला माहीत आहे. म्हणून दुसरं काही करायचं ठरवलंय.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतील. लेकरं आजी-आजोबांकडं राहतात आणि आईबाप उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडावर. जाण्याआधी त्या प्रत्येक घरचा एक फोटो काढायचा आहे, सगळे एकत्र, आणि प्रिंट दोन. एक घरी राहील, एक टोळीबरोबर जाईल. खर्च माझा. दसऱ्यापासून रोज सकाळी साडेसात ते दहा ढाळज लागेल. शिकणाऱ्यांपैकी दोघी जणी थर्माकोल धरायला येतील, त्यांना तुम्ही ते मान फिरवून दाखवणं एकदा दाखवा. माझ्यानं तसं जमत नाही. बाज तेवढी थोडी अलीकडं घेऊ, कुटुंब मोठं असलं की मागची माणसं अंधारात जातात.

तुमची विद्यार्थिनी