रिक्त पदांच्या आकड्याआड काय दडते

मा. संपादक,

भरती निघाली की बातमीत जागांचा आकडा ठळक येतो. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या, तेव्हाही तसेच झाले. पण सरकारी नोकऱ्या वाढल्या की घटल्या, हे त्यावरून समजत नाही. मंजूर, भरलेली, रिक्त आणि कंत्राटी हे चारही आकडे एकाच तारखेचे हवेत.

मंजूर पदेच घटली की रिक्त पदेही आपोआप कमी दिसतात. खासगी अनुदानित शाळांतला शिपाई पाहा. डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयानुसार तो निवृत्त झाला की पद व्यपगत, म्हणजे कायमचे रद्द, होते आणि शाळेला फक्त भत्ता मिळतो, ग्रामीण भागात दरमहा ५,००० रुपये. कोणाला काढले नाही, जागाही रिक्त दिसत नाही. गावातली वेतनश्रेणीची एक नोकरी मात्र कायमची गेली. देशात सार्वजनिक क्षेत्रातील रोजगार १९९७ साली सुमारे १ कोटी ९५ लाख होता, २०१२ साली १ कोटी ७६ लाखांवर आला, त्यातही काही पदे अशीच गेली. रेल्वेवर पोसलेल्या भुसावळला हे वेगळे सांगायला नको.

जे पद शिल्लक आहे ते भरायलाही वर्षे जातात. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकावरून आधीच ठाऊक असते, तरीही. आधी पदोन्नती समिती बसते, मग खालचे पद मोकळे होते. त्यानंतर बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याची नोंदवही, नाशिकच्या विभागीय आयुक्तालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणावी लागते. आंतरजिल्हा बदलीने आलेल्याचा बिंदू चुकला, जात वैधतेची नोंद राहिली की फाइल परत. आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, सुधारित नसेल तर वित्त विभाग अडवतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात पेसाचा, म्हणजे आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याचा, प्रश्न आणखी वेगळा. २०२३च्या भरतीतली पेसा क्षेत्रातली पदे न्यायालयीन वादात अडकली आणि २०२४ मध्ये उमेदवारांना मानधनावर नेमणुका देण्याची वेळ आली. तोवर एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रांचा) कार्यभार. रावेर-यावलकडे वादळात केळी आडवी झाली की पंचनामे का रखडतात, याचे उत्तर इथे आहे. आशा आणि अंगणवाडी सेविका तर मानधनावर. त्यांचे काम सरकारी, पण कर्मचाऱ्यांत गणना नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे कर्मचाऱ्यांची यादी आणि मासिक वेतन प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. ती यादी मंजूर आकृतिबंधाच्या आदेशाशी ताडून पाहिली की फरक लगेच दिसतो. आदेश मिळत नसेल तर १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्यात संवर्गनिहाय पदे आणि बाह्ययंत्रणेमार्फत घेतलेली माणसे वेगवेगळी मागावीत. सगळे एकत्र मागितले की उत्तरही मोघम येते.

आपल्या दैनिकाने जळगाव, धुळे, नंदुरबारचे हे आकडे दरवर्षी तालुकावार छापावेत. सोबत प्रतिनियुक्तीचा रकानाही ठेवावा, कारण पद धडगावात भरलेले आणि माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला, असे झाले की कागदावर ती जागा रिक्त नसते.

– आस्थापना शाखेतील एक निवृत्त कर्मचारी, अमळनेर