पुरंदरच्या आबांना, अंजिराच्या काड्यांबद्दल

ती. स्व. आबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघड्यावर टाकतेय, राग मानू नका. तुम्ही मोबाईल कानाला लावण्यापुरताच वापरता, तेव्हा हे तुम्हाला नातीकडूनच ऐकावं लागणार. तिला म्हणावं, सावकाश वाच.

उघडं लिहायचं कारण सांगते. आमच्या कोल्हापुरात हल्ली अंजिराची रोपं धडाधड खपायला लागलीत. 'पुना अंजीर हाय, कुठंबी येतंय' एवढं सांगून पिशवी हातात देतात. झाड कुठंही येतं, यात खोटं काही नाही. फळाचं काय, हे मात्र विकणारा बोलत नाही आणि घेणाराही विचारत नाही. मला ते तुम्ही सांगितलंत, तेही मी न विचारता.

सासवडजवळ तुमच्या बांधावर मी एक काडी मागायला आले होते. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून असले मागणारे तुमच्याकडे पुष्कळ येत असणार. तुम्ही कात्री काढायच्या आधी विचारलंत, "पाऊस किती? जमीन कसली? आणि फळ फुगायला लागल्यावर पाणी तोडायला हात धजंल का तुझा?" मी म्हटलं, कोल्हापुरात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्यावर तुमचा पुढचा प्रश्न: "सगळ्या जिल्ह्यात तेवढाच?"

आता आमच्या जिल्ह्याची गंमत अशी, की पश्चिमेला गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडे पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शंभरेक किलोमीटरचं. हे सांगितल्यावर तुम्ही एका काडीच्या जागी तीन जुड्या बांधल्यात. "एका जागी लावून तुला काय कळणार? तीन जागी लाव. झाड एकच हाय, मग फरक कशाचा ते तुझं तूच बघशील."

त्या जुड्या मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. करंगळीपेक्षा जाड, वीतभरापेक्षा थोड्या लांब, पक्क्या लाकडाच्या काड्या. डोळ्याच्या जरा खाली सरळ काप, वरच्या टोकाला तिरका. कापाच्या तोंडाशी पांढरा चीक जमला, तो सावलीत वाळू दिलात. मग प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला चुन्याचं बोट लावलंत, म्हणजे घरी कुणी उलटी लावायला नको. वर ओलं गोणपाट गुंडाळलंत. पैसे विचारले तर म्हणालात, "काडीचं कुठं पैसं असत्यात व्हय!"

एक जुडी गगनबावड्याला मामेभावाकडे गेली. दुसरी पूर्वेकडच्या हातकणंगले तालुक्यात, जिथं माझी नणंद दिली आहे, त्यांच्या मुरमाड माळावर. तिसरी कोल्हापूरजवळ कळंब्याला माझ्या परसात.

गगनबावड्याची गोष्ट थोडक्यात आटपते. पहिल्या पावसात झाड असं माजलं की भावाने फोटोत स्वतःचं तोंड पानाआड लपवून दाखवलं. श्रावणात पानांच्या पाठीवर तांबूस भुकटी दिसायला लागली. हा तांबेरा. दमट हवेत हा बुरशीचा रोग पानं खाऊन टाकतो. तुम्ही फोनवर मोरचूद नि चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण सांगितलंत: शंभर लिटर पाण्याला दोन्ही एकेक किलो. पण तिथं फवारणी पानावर वाळायला उघडीप तर मिळायला हवी! गणपतीपर्यंत झाड नागवं झालं. पानंच गेली, मग साठा कशाचा करणार? उन्हाळ्यात जी थोडी फळं धरली ती फिकट निघाली, आणि त्यातलीही बरीच वानरांनी नेली. भाऊ आता त्या झाडाच्या पानांवर खूश आहे. म्हणतो, शोभेला लई भारी.

कळंब्याची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे, कारण खरे आभार तिच्यासाठी आहेत.

माझी जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस, त्याला पाटाने पाणी. तुम्ही बजावलं होतं, "कोल्लापुरात खट्टा बहार धरूच नको. दसऱ्याआधी झाडाला कात्री लावायची न्हाई." खट्टा बहार म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर छाटून पुढे हिवाळ्यात येणारं फळ. तुमच्याकडे पाऊस कमी, तिथं तो भाव देऊन जातो. आमच्या पावसात नुसता तांबेरा पोसला असता. म्हणून मी मिठा बहार धरला. पाऊस पुरता ओसरल्यावर छाटणी केली, उन्हं तापायला लागली तशी फळं आली. दिसायला झकास, घंटेसारखी, फिकट जांभळी झाक असलेली. पण कापलं की मध्ये पोकळी, आणि चव पाणचट.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा मनात खताची चौकशी होती. तुम्ही खताचं नावही काढलं नाहीत. "फळ फुगताना पाणी कुठनं येतंय ते बघ," म्हणालात. मी म्हटलं, मी तर नळी केव्हाच बंद केलीय. "तू केलीस. शेजाऱ्यानं केली का?"

उसाचं पाणी मुळाशी झिरपत होतं. घरातल्या कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि तुम्ही शे-दोनशे किलोमीटरवरून फोनवर ओळखलंत! मग तुम्ही सांगितलंत तसा कुंपणालगत कमरेएवढा चर काढला, झाडाभोवती मातीची गादी उंच केली. शेजारी पाटलांनी आधी 'आता काय विहीर काढताय काय?' म्हणून टिंगल केली, पण गडी त्यांचाच दिला.

अंजिराच्या फळाची वाढ विचित्र असते, हे मला या निमित्ताने कळलं. आधी फळ वाढतं, मग बरेच दिवस होतं तेवढंच राहतं. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. आणि शेवटच्या आठवड्याभरात ते एकदम फुगतं, मऊ पडतं, आणि बहुतेक साखर याच दिवसांत भरते. त्या दिवसांत मुळाशी पाणी फार झालं तर चव पातळ होते, वर फळ तडकतं ते वेगळंच. आणि अर्धकच्चं तोडून घरात पिकवू म्हटलं तर ते मऊ होतं, गोड होत नाही. म्हणूनच तुम्ही तोडायची खूण एवढी घोकून घेतलीत माझ्याकडून: फळाने मान टाकलेली हवी, सालीवर उभ्या बारीक चिरा हव्यात, आणि देठ मोडल्यावर चीक निघाला तर चूक तोडणाऱ्याची. फळाच्या बुडाशी बारीक भोक असतं, त्या डोळ्यापाशी मधाचा थेंब दिसला तर सोन्याहून पिवळं. "आणि बुलबुलाच्या आधी उठ, त्याला तुझ्या आधी कळतंय." हेही खरं निघालं.

चर काढल्यानंतरच्या बहाराला आम्ही घरात चवीची परीक्षाच घेतली. तुम्ही स्वारगेटहून पहाटेच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती पाटी दिलीत, अंजिराचीच पानं खाली-वर घालून. दुपारी ती कोल्हापूर स्टँडवर उतरवली. हातकणंगल्याहून नणंद सकाळी तोडलेली फळं घेऊन आली. कळंब्याची परसातली होतीच. गगनबावड्याच्या भावाने वानरांनी सोडलेली दोन फळं इमानाने पाठवली. मुलाने बशांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सासऱ्यांना न्यायाधीश नेमलं, कारण त्यांना अंजीर फारसं आवडत नाही.

गगनबावड्याचं फळ त्यांनी अर्धंच खाऊन बशी सारली. कळंब्याचं आकाराने सगळ्यांत मोठं. पोकळी आता नव्हती, गर गुलाबी, बिया दाताखाली कुरकुरत होत्या. "चांगलं आहे," म्हणाले. हातकणंगल्याचं लहान, साल जाड, पण कापल्यावर गर सुरीला चिकटून आला, काकवीसारखा दाट. त्यांनी दुसरं मागितलं. शेवटी तुमचं. ते त्यांनी गप्प बसून खाल्लं, मग म्हणाले, "हे सगळ्यांत गोड नाही. पण यात गोडाच्या मागून जरासं आंबूस येतंय, त्यामुळे आणखी खावंसं वाटतं." पहिला नंबर तुम्हाला, दुसरा माळाला. माझा तिसरा. माझं मत विचाराल तर मी माळालाच पहिला दिला असता, पण मला कुणी विचारलं नाही.

हे तुम्हाला कळवलं तर तुम्ही म्हणालात, "नुसतं गोड पायजे तर साखर कारखानं तुमच्याकडंच हायती की!"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक विचार घोळतोय, तो तुम्हाला सांगायचाच होता. भूमध्य समुद्राकाठी, तुर्कस्तानात आयदिनच्या बाजूला, अंजिराचं मोठं माहेर आहे. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. फळ झाडावरच सुकून खाली पडतं आणि लोक ते वेचतात. आपल्याकडे उलटं: ऐन उन्हाळ्यानंतर धो धो पाऊस. मग ते झाड इथं नीट फळावं कसं? ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, आणि छाटणीची वेळ धरून तुम्ही मंडळींनी फळाचा शेवटचा आठवडा उचलून आपल्या कोरड्या दिवसांत नेऊन ठेवलात. बहार धरणं म्हणतात ते हेच. पुस्तकात हे सोपं वाटतं. पण आमच्याकडे चैत्रात वळीव येतो, आणि एका वळवाने पिकलेलं फळ तडकून डोळ्यातून आंबायला लागतं. म्हणून आता माझा हिशेब असा, की जोतिबाच्या यात्रेच्या आत बहुतेक तोडा संपला पाहिजे. तुमच्याकडे हा हिशेब वेगळा असणार, आणि हातकणंगल्याला आणखी वेगळा.

जाता जाता आणखी एक. नणंदेच्या गावात जैन शेजार मोठा. वड, पिंपळ, उंबर या कुळातली फळं त्यांना वर्ज्य, म्हणून अंजीरही बरेच जण खात नाहीत. आत किडे असतात, ही शंका इतरांनाही असतेच. तुर्की सुक्या अंजिराच्या जातीला परागीभवनासाठी खरोखरच एक इवलीशी गांधीलमाशी लागते. कॅलिफोर्नियात ती जात लावली तेव्हा फळं गळून पडायची. 1899 मध्ये ती माशी तिथं नेऊन रुजवली, तेव्हा कुठं फळं टिकायला लागली. तुमच्या-माझ्या या पुना अंजिराला मात्र त्या माशीची गरज नाही, ते परागीभवनाशिवाय धरतं. हे मी शेजारणींना सांगते. ज्यांचा नेम आहे त्यांना आग्रह करत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या वाट्याचीही फळं नणंदेकडून माझ्याकडेच येतात, हे लपवत नाही.

आबा, तुम्ही काडी दिलीत त्याचे आभार आहेतच. पण प्रत्येक बहाराला माझे फोन उचललेत, रात्री जेवणावरून उठून उचललेत, आणि एकदाही 'मागच्या वेळी सांगितलं होतं की' असं म्हणाला नाहीत, त्याचे जास्त आहेत. चीक हाताला लागून खाज सुटली तेव्हा काकूंनी मागून ओरडून खोबरेल चोळायला सांगितलं, त्यांचेही आभार.

आता माझ्याकडे लोक काड्या मागायला येतात. कसबा बावड्यातून आले, कागलमधून आले. मी आधी तुमचेच तीन प्रश्न विचारते. एकाने पाऊस-जमिनीचं नीट सांगितलं, पण पाणी तोडायचं म्हटल्यावर म्हणाला, "ताई, फळ धरल्यावर पाणी तोडायचं म्हणजे पाप की!" त्याला मी सध्या चहावर बोळवलंय. एक बाई पन्हाळ्याच्या खालच्या अंगाच्या आहेत. तिथं पाऊस आमच्यापेक्षा जास्त, पण जमीन उताराची आणि निचऱ्याची. त्यांना दिवाळीनंतर काड्या देईन म्हणते. द्याव्यात का? तुमचं मत रविवारी फोनवर सांगा. मी आठनंतर करते, तोवर तुमचं जेवण झालेलं असेल.

काकूंना नमस्कार, नातीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
कळंब्याची ताई