गाडीचा मांडव आणि टेकापोचा वारा

क्राइस्टचर्च, न्यूझीलंड
९ नोव्हेंबर

ती. आण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी "ऑनिंग, ऑनिंग" म्हणत होते आणि तुम्हाला "आंघोळ" ऐकू येत होतं. शेवटी आईनं फोन घेतला आणि "पोरगी बरी आहे, गाडीचा मांडव फाटला म्हणती" एवढ्यावर विषय मिटवला. ऑनिंग म्हणजे गाडीच्या अंगाला उघडणारा कापडी मांडव. विषय काही मिटलेला नाही. दादा म्हणाला, तुम्ही त्याला रोज विचारताय की खुंट्या कुठं ठोकल्या होत्या. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. भिंग घेऊन सावकाश वाचा आणि मग दादाला द्या, कारण जानेवारीत तो आणि वहिनी येऊन असलीच गाडी भाड्यानं घेणार आहेत.

आम्ही भाड्यानं घेतलेली मोटारहोम म्हणजे आपल्या टेम्पोएवढी गाडी. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. डाव्या अंगाला, दाराच्या वर, छपराला लागून एक लांबलचक पेटी असते. पेटीत रुळावर कापड गुंडाळलेलं. खालून एक लांब दांडा अडकवून फिरवत राहायचं, विहिरीचा रहाट फिरवावा तसं, की कापड बाहेर येतं. पुढच्या टोकाला अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्याच पोटात दोन पाय दुमडून ठेवलेले. साधारण मीटरभर कापड बाहेर आलं की ते पाय खाली सोडायचे आणि मग उरलेलं उलगडायचं. पेटी आणि पट्टी यांच्यामध्ये दोन हात असतात, कोपरात मोडणारे, आत स्प्रिंग घातलेली. कापड ताठ ठेवण्याचं काम त्या हातांचं. आमचं कापड ४ मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारं होतं. म्हणजे १० चौरस मीटरचा मांडव, आणि त्याला खांब फक्त दोन. तुम्ही असला मांडव बघितला असता तर आधी हसला असता आणि मग पहार मागितली असती.

ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी इथं कामगार दिनाची सुट्टी असते, ती जोडून आम्ही टेकापो सरोवरावर गेलो. क्राइस्टचर्चपासून तीन तासांचा रस्ता. सरोवराचं पाणी इतकं निळं की तुमची नात म्हणाली, कुणीतरी नीळ कालवली. बर्फाच्या नद्यांनी दगड दळून केलेलं पीठ त्या पाण्यात असतं, त्याचा हा रंग. काठावर १९३५ सालचं एक छोटं दगडी चर्च आहे, ते बघायला सगळे जातात.

आम्ही पोचलो तेव्हा पान हलत नव्हतं. ऊन तापलेलं, म्हणून मांडव काढला. खुंट्यांचं विचारताय ना? गाडीबरोबर चार मिळाल्या होत्या, सायकलच्या स्पोकपेक्षा जराशा जाड. जमीन सगळी गोट्यांची, जुन्या हिमनदीनं आणून टाकलेली. पहिली खुंटी चार बोटं गेली आणि वाकली. दुसरीही वाकली. मग हे म्हणाले, "वाराच नाही, राहू दे." मीही राहू दिलं. तासगावच्या मांडववाल्याची लेक, आणि राहू दिलं. हे आईला वाचून दाखवू नका.

शेजारच्या गाडीत एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी मांडव काढलाच नव्हता, उन्हातच टोप्या घालून बसले होते. मला वाटलं, हौस नसेल. आजोबा मधूनमधून पश्चिमेला बघत होते. तिकडं डोंगरावर ढगाची एक लांब कमान धरली होती, आणि कमानीखाली आकाशाची स्वच्छ पट्टी. मी त्या कमानीचा फोटो काढून तुम्हाला पाठवलासुद्धा. फोटोत दिसतंय ते सुंदर आभाळ नव्हतं आण्णा, ती सूचना होती. इथले लोक ती कमान दिसली की वारा येणार हे ओळखतात.

हा वारा वायव्येकडून येतो, म्हणून नाव नॉरवेस्टर. समुद्रावरून ओला वारा येतो, दक्षिण आल्प्सच्या डोंगरावर चढताना सगळा पाऊस पलीकडच्या उतारावर टाकून देतो आणि अलीकडं उतरतो तेव्हा कोरडा आणि गरम झालेला असतो. महाबळेश्वरला धो धो आणि आपल्या तासगावला नुसतेच ढग, तोच प्रकार. फरक इतकाच की इथला डोंगर महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच, आणि वारा तिथून घसरगुंडीवरून आल्यासारखा येतो. सरोवराच्या दरीत शिरला की आणखी जोर धरतो. वसंतात, म्हणजे नेमका या दिवसांत, त्याचा उपद्रव जास्त.

आम्ही चर्चपर्यंत गेलो. "दहा मिनिटांत येऊ" म्हणून मांडव उघडाच. परत फिरलो तेव्हा पाण्यावर पांढऱ्या लाटा उठायला लागल्या होत्या आणि माझी ओढणी तोंडावर येत होती. धावत आलो तर आजोबा आमच्या मांडवाच्या पट्टीला लोंबकळलेले. अक्षरशः लोंबकळलेले, टाचा वर. कापड खालून फुगलेलं, आणि दर झोताला पट्टी वर जायची आणि दणकन खाली यायची. मांडवाचा एक पाय सुटून हवेत हेलकावत होता. सगळ्यात वाईट आवाज कापडाचा नव्हता, पेटीचा होता. गाडीच्या भिंतीत जिथं तिचे बोल्ट बसवलेत तिथं कर्र, कर्र करत होतं.

हे दांडा घेऊन धावले आणि भराभर गुंडाळायला लागले. आजोबा ओरडले, "आता नको! थांबा!" मला तिथं तुम्ही दिसलात. झोत चालू असताना कापड ओढायचं नाही, झोत ओसरला की मधल्या दमात ओढायचं, हे तुम्ही गड्यांना किती वेळा सांगितलंय. मग आजोबा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, पट्टी खाली दाबून धरली. वारा दम घ्यायचा तेव्हा ह्यांनी सात-आठ वेढे फिरवायचे, पुन्हा थांबायचं. आजीबाई आत आमच्या छोटीला धरून बसल्या होत्या. कापड निम्मं आत गेलं आणि एक झोत असा आला की मांडवाचा डावा हात कोपरात वाकडा झाला. शिवणीवरून कापड टरकलं. शेवटची वीतभर पट्टी काही केल्या पेटीत बसेना, वाकडा हात मिटतच नव्हता.

रात्रभर ती तशी फटफटत राहिली असती तर उरलेली पेटीही उखडली असती. आजोबांकडं नायलॉनची दोरी होती. ती छपरावरच्या शिडीपासून पट्टीवरून घेऊन खाली चाकाला आणली आणि मी आवळून गाठ मारली. ट्रकवर ताडपत्री आवळताना तुम्ही मारता ती, मध्ये फास करून त्यातून ओढून घ्यायची. हात आपोआप चालले. तिचं पुढं सांगते.

त्या रात्री गाडी पाळण्यासारखी हलत होती. घरी आल्यावर ह्यांनी कागदावर हिशेब मांडला. कापड वाऱ्याला पूर्ण आडवं आलं तर ताशी ४० किलोमीटरला आमच्या मांडवावर साधारण ७५ किलोचा रेटा येतो, म्हणजे एक माणूस त्यावर बसल्यासारखं. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. ८० ला ३०० किलो, सिमेंटची सहा पोती. आणि हे सगळं चार-सहा बोल्टवर आणि दोन पोकळ नळ्यांवर. गाडीवाल्यांनी कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं की मांडवाचं नुकसान विम्यात धरलेलं नाही. किती भरले तो आकडा दादाला वेगळा कळवते.

दादा, आता हे तुझ्यासाठी. हवामानाच्या अॅपवर वाऱ्याचे दोन आकडे येतात, एक सरासरीचा आणि एक झोताचा. सगळे सरासरी बघतात. मांडव मोडतो तो झोतानं, तू झोताचाच आकडा बघ. मी आता ताशी ३० किलोमीटरच्या पुढचा झोत दिसला तर दांड्याला हातच लावत नाही. अॅपला रेंज नसेल तर झाडं बघ. ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानं १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या अजून वापरतात. चौथ्या पायरीला धूळ आणि कागद उडायला लागतात, पाचवीला लहान झाडं डोलतात. आण्णा, तुमचा नियम काय होता आठवतं? पंगतीतली पत्रावळ उचलायला लागली की कनाती सोडा. ती बरोबर चौथी पायरी. तुम्ही ब्यूफोर्ट कधी वाचला हो?

गाडी लावताना वारा कुठून येणार ते विचारून लावायची आणि मांडवाची बाजू आडोशाला ठेवायची, तरी छपरावरून वळून येणारा वारा कापडाला खालून उचलतोच. म्हणून पट्टीवरून टाकायचा पट्टा मिळतो, दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला. तो आणि गोट्यांच्या जमिनीत जाणाऱ्या जाड लोखंडी मेखा गाडीबरोबर मागून घे, नाही दिल्या तर विकत घे. मेख सरळ ठोकू नकोस, गाडीपासून बाहेर कलती ठोक, हे तुला सांगायला नको. पण पट्टा लावला म्हणून निर्धास्त फिरायला जाऊ नकोस. अचानक झोत आला तर गुंडाळायला दोन मिनिटं मिळावीत, एवढ्यासाठीच तो. वादळात तोच पट्टा सगळा ताण गाडीच्या भिंतीवर नेतो. जेवायला गेलास, झोपलास, अंघोळीला गेलास, मांडव आत. आम्हाला दहा मिनिटं फार झाली.

पावसाचं वेगळंच. मांडव सपाट ठेवला तर मध्ये पाणी साचतं. २० मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्या कापडावर २०० लिटर पाणी पडतं, त्यातलं निम्मं जरी पोटात राहिलं तरी हात वाकतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली ठेवायचा, पाणी त्या कोपऱ्यातून पन्हळीसारखं जातं. ओलं कापड गुंडाळावं लागलं तर गुंडाळ, पण उन्ह पडल्याबरोबर उघडून वाळव, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास नवीन लग्न झालेल्या माणसांना शोभत नाही. विजा चमकत असतील तर धातूच्या पायांखाली खुर्ची टाकून बसायचं नाही, आत जायचं. वहिनीला चहा आत करू दे.

आणि दार! मांडवाच्या नादात हे राहायला नको. वाऱ्याकडं पाठ करून गाडी उभी केली आणि दार उघडलं की वारा ते हातातून हिसकावून बिजागरीतून उलटं करतो. भाड्याच्या गाड्यांची दारं इथं अशीच जातात. नाक वाऱ्याकडं करून थांब. रकाया घळीच्या रस्त्याला वाऱ्याची सूचना असेल त्या दिवशी जाऊच नकोस, उंच गाडी आडव्या वाऱ्यात ढकलली जाते.

येताना बेदाणे आणलेस तर विमानतळावरच्या कागदावर लिहून दे. न सांगता आणलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. काथ्याची दोरी आणू नकोस, मातीचा कण दिसला तरी अडवतात. नायलॉनची इथं मिळते.

आण्णा, तुम्हाला वैशाखातलं ते लग्न आठवतं का, मी आठवीत असताना? पंगत बसायची होती आणि तुम्ही एकाएकी गड्यांना सांगितलं, छत उतरवा. मुलीचे मामा तुमच्या अंगावर धावून आले होते, ऊन लागतंय, पाहुणे काय म्हणतील. तुम्ही काही बोलला नाहीत, स्वतःच खांबावर चढलात. पाऊण तासानं वळीव आला. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या मांडवाचे वासे घरावर पडले होते. मामा नंतर पैसे द्यायला आले तेव्हा वर बघत नव्हते. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती, मैत्रिणी होत्या त्या मांडवात. हे सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर आजोबा दोरी सोडवायला आले. पट्टी जिथल्या तिथं होती, रात्रभर बोटभरही सरकली नव्हती. त्यांनी गाठ उलटसुलट बघितली, मला पुन्हा मारून दाखवायला लावली. म्हणाले, आम्ही हिला ट्रकीज हिच म्हणतो, तुमच्याकडं काय म्हणतात? मी तोंडाकडं बघत राहिले. तुम्ही कधी नावच सांगितलं नाहीत. "तशी मार" एवढंच म्हणायचात. आजोबांचा पत्ता माझ्याकडं आहे, त्यांना कळवायचंय. पुढच्या पत्रात नाव तेवढं लिहा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल दादाबरोबर पाठवू नका म्हणावं.

तुमची
ताई