गुंतवणुकीच्या आकड्यापुढचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विकसनशील देशात परकीय गुंतवणूक आली की निर्यातीत वैविध्य येणारच, असे बातम्यांत सर्रास गृहीत धरलेले असते. झांबियाच्या निर्यातीत तांब्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आहे. तिथे नव्या खाणीत पैसा आला, तर गुंतवणूक वाढेल आणि तांब्यावरची भिस्तही वाढेल. अंगोला, नायजेरियाच्या तेलाचेही तेच.

पैसा कारखान्यात आला तरी हिशेब संपत नाही. १०० डॉलरचा माल निर्यात करायला ८० डॉलरचे सुटे भाग आयात होत असतील, तर देशात २०च राहतात. त्यातला नफाही पुढे बाहेर जातो. हे २० वाढायला स्थानिक पुरवठादार लागतात आणि नेमकी त्यांचीच कोंडी सीमाशुल्काने होते. निर्यातीसाठी आखलेल्या विशेष क्षेत्रातल्या कंपनीला परदेशी भाग शुल्काविना मिळतो. तोच भाग गावातला कारखानदार बनवतो, तेव्हा त्याने आयात पोलादावर शुल्क भरलेले असते, म्हणून त्याचा माल महाग पडतो. त्याच्या या विक्रीला निर्यात मानून शुल्काचा परतावा द्यायला हवा, तोही वेळेत. परतावा सहा महिने अडकला आणि वर कंपनीने बिलाचे पैसे ९० दिवसांनी दिले, तर छोट्याचे खेळते भांडवल तिथेच संपते. स्थानिक माल वापरण्याची सक्ती हा उपाय जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसत नाही.

बांगलादेशाने हे कोडे तयार कपड्यांपुरते उत्तम सोडवले. १९७९मध्ये ‘देश गारमेंट्स’चे सुमारे १३० कर्मचारी दक्षिण कोरियात ‘देवू’ कंपनीकडे शिकून आले. कंपनीचे भांडवल देशी होते, बाहेरून आले ते कसब. पुढे त्यांतल्या बहुतेकांनी कंपनी सोडली आणि ते कसब इतर कारखान्यांत पोचले. जोडीला दोन सोयी होत्या : निर्यातीसाठीचे कापड शुल्क न भरता ठेवता येईल असे बाँडेड गोदाम, आणि ‘बॅक टू बॅक’ पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेने दिलेली पैशांची हमी), म्हणजे खरेदीदाराच्या पतपत्राच्या आधारे बँकेने कापड आयातीसाठी उघडलेले दुसरे पतपत्र. हाती पैसा नसलेला उद्योजकही त्यामुळे उभा राहिला. पण काही माल देशात आणि काही बाहेर विकणाऱ्या अन्य उद्योगांना बाँडेड गोदामाची सोय सहजी मिळाली नाही. आज त्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचाच आहे. एवढी चांगली यंत्रणा हाताशी असून ती इतरांना सहजी खुली न करणे, ही मला मोठी धोरणचूक वाटते.

सिंगापूरने १९८६पासून वेगळी वाट धरली. बहुराष्ट्रीय कंपनीतला अनुभवी अभियंता स्थानिक पुरवठादारांना सुधारायला नेमायचा आणि त्याचा पगार सरकारने द्यायचा. खर्च थोडा, पण दर्जा कुठे घसरतो हे ग्राहकाच्याच माणसाकडून कळते.

तेव्हा गुंतवणुकीच्या बातमीत आणखी तीन गोष्टी द्याव्यात, ही विनंती : आयात भागांचे प्रमाण, स्थानिक पुरवठादारांची संख्या, आणि त्यांतले किती जण दुसऱ्या ग्राहकांनाही माल देतात. तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण कंपन्या जातातही. ‘इंटेल’ने २०१४मध्ये कोस्टारिकातले चिप जुळणीचे काम आशियात हलवायचे जाहीर केले. तोवर तिथे वैद्यकीय उपकरणांचा उद्योग रुजला होता. आज निर्यातीत तोच आघाडीवर आहे.

– एक वाचक