प्रयोगशाळेतील मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांचा अनुत्तरित प्रश्न

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘प्रयोगशाळेत मूत्रपिंड तयार, डायलिसिस इतिहासजमा होणार’ अशा आशयाच्या बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात. मी डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून काम करते. अशी बातमी आली की आमच्याकडचा एखादा रुग्ण तिचे कात्रण घेऊन येतो आणि आई स्वतःची किडनी द्यायला तयार असतानाही ‘थोडं थांबू, नवीन काहीतरी निघतंय’ असे म्हणू लागतो. म्हणूनच हे संशोधन नेमके कुठे अडले आहे, ते वाचकांसमोर यावे असे मला कळकळीने वाटते.

दात्याच्या किंवा प्राण्याच्या मूत्रपिंडातील सर्व पेशी डिटर्जंटने धुऊन काढल्या, की कोलॅजेनसारख्या प्रथिनांचा पांढुरका सांगाडा उरतो; त्यात नव्या पेशी वाढवून अवयव घडवायचा, अशी यातली एक पद्धत आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. हॅराल्ड ऑट यांच्या गटाने २०१३ साली उंदराच्या अशा सांगाड्यात धमनीवाटे मानवी नाळेतील रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि मूत्रवाहिनीवाटे नवजात उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशी सोडल्या. त्या अवयवाने मूत्र तयार केले, ही खरोखरच मोठी झेप होती. परंतु प्रयोगशाळेत नैसर्गिक मूत्रपिंडाच्या सुमारे २३ टक्के असलेली त्याची क्षमता उंदराच्या शरीरात बसवल्यावर सुमारे ५ टक्क्यांवर आली. उत्तर कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट येथे २०१२ साली डुकराच्या मूत्रपिंडाचे पेशीविरहित सांगाडे डुकरांत बसवण्यात आले, तेव्हा सुरुवातीला रक्त व्यवस्थित वाहिले, मात्र दोन आठवड्यांनी पाहिले असता आतल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी भरून गेल्या होत्या.

हे असे का होते, ते आमच्या विभागात डोळ्यांनी दिसते. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हे औषध कमी पडले तर डायलायझरमधले, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातले, पांढरे तंतू एकेक करून काळपट लाल होत जातात आणि यंत्राचा दाब वाढतो, कारण परक्या पृष्ठभागाला स्पर्श होताच रक्त गोठू लागते. सांगाड्यातील उघडे कोलॅजेन तर रक्तबिंबिकांना (प्लेटलेट्सना) थेट चिकटवून घेते. निरोगी रक्तवाहिनीच्या आतील एंडोथेलियम हा पेशींचा एकसंध थर अशी गुठळी रोखून धरतो. तो थर मोठ्या धमनीपासून सर्वांत बारीक केशिकेपर्यंत कुठेही खंड न पडता वाढवणे अद्याप पूर्णपणे साधलेले नाही.

त्वचेत किंवा मूत्राशयात रक्तवाहिन्यांचे काम मुख्यतः पोषणाचे असते, पण मूत्रपिंडात गाळण्याचे कामच केशिकांची भिंत करते. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त जाते आणि प्रत्येकात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारी सूक्ष्म एकके, असतात, ज्यांतील प्रत्येकाची सुरुवात केशिकांच्या एका गुच्छापासून होते. केवळ व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन भरपूर ओतल्याने असा गुच्छ तयार होत नाही. उलट वेड्यावाकड्या, गळक्या वाहिन्या फुटतात. त्यामुळे हे प्रथिन हेपॅरिनच्या आधारे सांगाड्याला बांधून सावकाश सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांतून पुढे काय निघते, याकडे माझे बारीक लक्ष असते.

मला सर्वांत आश्वासक वाटते ते हार्वर्डच्या डॉ. जेनिफर लुईस यांच्या गटाचे २०१९ मधील काम. स्टेम पेशींपासून (ज्यांतून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशींपासून) वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गोळ्यांवरून त्यांनी द्रव सतत वाहता ठेवला, तेव्हा त्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे अधिक दाट झाले आणि गाळणीच्या पेशीही अधिक परिपक्व झाल्या. म्हणजे वाहिनी घडवण्यात प्रवाहाचाही हात असतो. तरीही ते ऊतींचे बारीक गोळे होते, रुग्णाला बसवता येणारा अवयव नव्हे.

तेव्हा आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की यापुढे अशी बातमी देताना प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, अवयवातून रक्त किती दिवस वाहत राहिले आणि त्याने नैसर्गिक मूत्रपिंडाच्या तुलनेत किती काम केले, या तीन गोष्टी पहिल्याच परिच्छेदात द्याव्यात. आणि त्याच पानावर जिवंत दात्याकडून होणाऱ्या प्रत्यारोपणाची व अवयवदानाच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवण्याची माहितीही छापावी.

आपली नम्र,
एक डायलिसिस तंत्रज्ञ, सांगली