चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी कशासाठी?

महोदय,

मुलाने दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. पण पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला आमची कमिटी तयार नाही. 'आग लागली तर जबाबदार कोण?' म्हणे. (तिथेच उभ्या पेट्रोलच्या गाड्यांची कुणाला धास्ती नाही!) मग पाम बीच रोडच्या चार्जरवर रांग लावायची. तिथे युनिटला बावीस रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वीसच्या घरात. धाकट्या बहिणीचं कोपरखैरणेत रो-हाऊस. ती रात्री वायर लावून निवांत झोपते, कारण घरगुती विजेवर जीएसटीच नाही. तिची कुरकुर एवढीच की गाडीमुळे बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं.

सरकार गाडीवर ५ टक्के जीएसटी घेतं आणि तिच्या चार्जिंगवर १८. हे कुठलं प्रोत्साहन? फ्लॅटवाल्यांनीच हा भुर्दंड का सोसायचा? केंद्राच्या २०२४च्या नियमांनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. ते कमिटीला दाखवलं, तर 'सर्वसाधारण सभेत बघू' हे ठरलेलं उत्तर. सहकार खात्याने अशा अर्जांवर निर्णयासाठी सोसायट्यांना मुदत घालून द्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, नेरूळ